नाक मुठीत धरून प्यायलेली वाईन

आमच्या बाणेरच्या मित्राला दर दोन वर्षांनी एक वेड लागतं. आधी सायकल होती, तिच्यावर आता टॉवेल वाळतात. मग घरी आंबवलेला पाव आला, तो कापायला वहिनींनी नारळ फोडायचा कोयता घेतला होता म्हणे. आणि यंदा नाशिकला वायनरी टूर करून आल्यापासून वाईन. ग्रुपवर मेसेज पडला, शनिवारी ब्लाइंड वाईन टेस्टिंग डिनर, परफ्यूम-डिओ लावून येऊ नये, दिवसभर कच्चा कांदा-लसूण खाऊ नये, सात म्हणजे सात. मी यातला फक्त डिनर हा शब्द वाचला आणि दुपारपासून पोट रिकामं ठेवलं, हीच पहिली चूक.

ब्लाइंड म्हणजे आपल्या डोळ्यांना पट्टी असणार असं समजून मी जुना शर्ट घालून गेलो होतो. पण झाकायचं होतं ते बाटल्यांना. सहा बाटल्यांना मुलाचे शाळेचे पांढरे मोजे चढवून, वर सेफ्टी पिनेने नंबर लावून टेबलावर ओळीने उभं केलं होतं, प्रार्थनेला मुलं उभी असतात तशा. प्रत्येकाला दोन ग्लास, एक तक्ता (रंग, नाक, तोंड, शेवट, अंदाज) आणि त्याच मुलाच्या कंपासमधली पेन्सिल न् खोडरबर. मधोमध एक स्टीलचं पातेलं, थुंकायला. तज्ज्ञ लोक गिळत नाहीत, थुंकतात, असं मित्र म्हणाला, त्यावर आमच्यातला सीए म्हणाला की एवढ्या किमतीचं थुंकायला तू मला काय समजतोस. पातेलं शेवटपर्यंत कोरडं राहिलं.

मग भाषण झालं. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये अशीच नावं झाकून चव घेतली, परीक्षक फ्रेंच, आणि पांढरीत न् लालमध्ये दोन्हीकडे पहिली आली कॅलिफोर्नियाची. म्हणजे बघा, लेबल झाकलं की खरं बाहेर येतं! मी मान डोलावली, पण माझं लक्ष स्वयंपाकघरातून येणाऱ्या मटणाच्या वासाकडे होतं आणि समोर होते बिनमिठाच्या बिस्किटाचे चार तुकडे. जिभेची पाटी कोरी करायला.

पहिली बाटली पांढरी. ग्लास गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, मग बोलायचं. नाक आत घातलं तर वाईनचाच वास आला. तेवढं लिहून चालत नाही. तिघांनी 'समुद्राची खारी झुळूक' असं लिहिलं आणि मित्र खूश झाला, वर मिनरॅलिटी मिनरॅलिटी (म्हणजे ओल्या दगडाची, खनिजांची झाक) म्हणत राहिला. वरच्या मजल्यावर कुणीतरी बोंबील तळत होतं हो, बाल्कनीचं दार उघडं होतं! पण मी नवखा, गप्प बसलो. अंदाजाच्या रकान्यात मला द्राक्षांची जी नावं येत होती त्यातलं एक लिहिलं, माणिक चमन. नंतर कळलं की ती खायची द्राक्षं, वाईनची वेगळी, लहान न् बियांची. बाटली निघाली नाशिकचीच शेनिन ब्लां. बाकी सगळ्यांनी फ्रान्स लिहिलं होतं, माझा निदान जिल्हा तरी बरोबर होता, पण त्याला मार्क नाहीत.

दुसरीला सीएच्या बायकोने गूजबेरी लिहिलं. मग गूजबेरी म्हणजे काय यावर वीस मिनिटं गेली. एक म्हणाला आवळा, वहिनी म्हणाल्या रसभरी, मित्र म्हणाला दोन्ही नव्हे, ती विलायती वेगळीच. खोलीत आठ माणसं, खरी गूजबेरी एकानेही खाल्लेली नाही, आणि तिचा वास मात्र पाच जणांना येत होता. मला ढोबळी मिरची चिरल्यासारखं वाटलं होतं पण म्हटलं कशाला, आधीच माणिक चमनवरून हसून झालंय.

आणि मग तिसरी. नाक आत घातलं आणि मी एकदम आठ वर्षांचा होऊन रेशनच्या दुकानासमोर उभा. पाच लिटरचा कॅन, त्याच्या कानात अडकवलेली सुतळी, दुकानदार मापाने उचलून नरसाळ्यात ओततोय, निळं निळं रॉकेल, शेवटचा थेंब पडेपर्यंत आई मापाकडे रोखून बघतेय, आणि घरी आल्यावर हात तीनदा धुतले तरी वरणभाताच्या घासाला तोच वास. शंकाच नाही, रॉकेल! मी लिहिलंसुद्धा, ठसठशीत. मग डावीकडे बघितलं तर सीए 'हिरवं सफरचंद' लिहित होता, उजवीकडे माझी बायको 'लिंबाची फुलं'. आता यजमानाने आणलेल्या वाईनला रॉकेल म्हणायचं म्हणजे काय, इथे पुन्हा जेवायला बोलवायला नको का? घेतलं खोडरबर, घासलं, आणि वर सफरचंद लिहिलं.

ते खोडरबर होतं वासाचं. स्ट्रॉबेरीचं. घासल्यावर त्याची गुलाबी भुगटी बोटांना चिकटली, बोटं ग्लासला, आणि पुढची लाल वाईन आली तिचा मला दणकून स्ट्रॉबेरीचा वास यायला लागला, तोही ज्या बोटांनी ग्लास धरला त्या बाजूने. डोकं पार भंजाळलं होतं, भूक लागलेली, मी निमूटपणे स्ट्रॉबेरी लिहून मोकळा झालो. पाचवी-सहावीचं मला फार आठवत नाही, पातेलं कोरडं होतं हे सांगितलंच.

साडेदहाला मोजे उतरवले. तिसरी बाटली जर्मनीच्या मोझेलची, दहा वर्षं जुनी रीजलिंग. मित्र मोबाईलवरून वाचायला लागला, हिची ओळखायची खूण म्हणजे पेट्रोल किंवा रॉकेलचा वास, द्राक्षाला ऊन जास्त मिळालं आणि बाटली जुनी होत गेली की तो वाढतो, कसलंसं टीडीएन नावाचं द्रव्य असतं त्यात. कुणालाच आला नाही का रे? मी ताडकन उठलो. मला आला होता! मी लिहिलं होतं! तक्ता दिव्यासमोर धरला, सफरचंदाच्या खाली 'रॉ' आणि 'ल' अजून पुसट दिसतात की नाही बघा म्हटलं. सगळ्यांनी बघितलं. सीए म्हणाला, "रॉयल लिहिलं असशील." बायको हळूच म्हणाली, "बस आता खाली."

चौथी न्यूझीलंडची पिनो न्वार. लाल फळं, विशेषतः स्ट्रॉबेरी. आठ जणांत एकट्या माझं बरोबर. टाळ्या पडल्या, मित्राने मिठी मारली, 'बेस्ट नोज' म्हणून बुचं काढायचा स्क्रू बक्षीस दिला. खोडरबर खिशातच होतं, ते मी आणखी आत सारलं. मटण अकराला मिळालं, आणि ते कशाकशासारखं लागतं हे कुणीही विचारलं नाही, त्यामुळे मी तीनदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने दुधाचं पातेलं नाकासमोर धरलं.

"बेस्ट नोज, बघ रे, नासलंय का?"

मी वास घेतला. परत घेतला.

"तुला काय वाटतं?"