नजर कुठे गेली, एवढ्यावरून काय कळते?

संकेतस्थळाच्या चाचणीत वापरणाऱ्याची नजर पडद्यावर कुठे जाते हे टिपण्याबद्दल आपण प्रतिक्रियेत घेतलेला आक्षेप असा, की नजरेचा माग घेणारी यंत्रे महाग असतात, त्यांतून निघणारे हीटमॅप (नजर कुठे जास्त रेंगाळली हे रंगांनी दाखवणारी चित्रे) देखणे असले तरी माणसाच्या मनात काय चालले आहे हे त्यांतून कळत नाही, आणि त्यापेक्षा वापरणाऱ्यालाच सरळ विचारलेले बरे.

मनातले कळत नाही, हे मला मान्य आहे. डोळ्यांच्या हालचालींचे अभ्यासक आल्फ्रेड यार्बुस यांनी रशियन चित्रकार रेपिन यांचे एकच चित्र दाखवून प्रश्न बदलले, तेव्हा चित्रातल्या माणसांची वये विचारल्यावर पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यांवर खिळली आणि घरची सांपत्तिक स्थिती विचारल्यावर आजूबाजूच्या वस्तूंवरही फिरू लागली. म्हणूनच कोणते काम दिले होते हे न सांगता छापलेल्या हीटमॅपला मीही किंमत देत नाही.

परंतु जे दिसलेच नाही, त्याबद्दल माणूस सांगणार तरी काय? ऑनलाइन अर्जात एक रकाना चुकला, ती चूक दाखवणारी सूचना पानाच्या अगदी वर आली, आणि अर्जदार मात्र तळाशी असलेले ‘सबमिट’ पुन्हा पुन्हा दाबत राहिला, तर नंतर विचारल्यावर तो ‘साइट चालत नव्हती’ एवढेच सांगेल. स्पष्ट वाचता येण्याजोगे दृष्टिक्षेत्र जेमतेम २ अंशांचे असते. त्यामुळे नजर सूचनेच्या जवळपासही गेली नसेल, तर ती वाचली गेलेली नाही आणि तिची जागा बदलायला हवी. नजर तिथे वारंवार जाऊन रेंगाळली असेल, तर मजकूरच सुधारायला हवा. बाहेरून दोन्ही अडचणी सारख्याच दिसतात, उपाय मात्र अगदी वेगळे आहेत.

हा विचार नवा नाही. फिट्स, जोन्स आणि मिल्टन या संशोधकांनी १९५० साली विमान उतरवणाऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांचे चित्रीकरण अभ्यासून असाच भेद केला होता : एखाद्या मापकाकडे किती वेळा पाहिले यावरून त्याचे महत्त्व, प्रत्येक वेळी किती वेळ पाहिले यावरून तो वाचण्यातली अडचण, आणि नजर कोणत्या मापकावरून कोणत्या मापकावर जाते यावरून मांडणीचा बरेवाईटपणा.

मर्यादा आहेतच. नजरेची जागा टिपण्यात यंत्राची झालेली अर्ध्या अंशाची चूक ६५ सेंटिमीटरवरच्या पडद्यावर अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी जास्त भरते, त्यामुळे बारीक अक्षरांच्या लागोपाठच्या दोन ओळींपैकी नेमकी कोणती वाचली हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

आपण सुचवलेली विचारपूस मीही करतो, मात्र चाचणी संपल्यावर, त्याच व्यक्तीला तिच्या नजरेचे चित्रीकरण दाखवत. कारण काम चालू असताना प्रश्न विचारला, की ती पडदा सोडून आपल्याकडे पाहू लागते.