प्रभावतीगुप्तेला ‘बाहुली’ म्हणणाऱ्या वाचकांस

नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन, वाकाटक राजांची जुनी राजधानी. तिथल्या राज्यकर्त्यांवरच्या माझ्या लेखात वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ताही होती. त्या लेखावर ‘इतिहासप्रेमी’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. म्हणणं असं: “ताई, रेसिप्या लिहिता तोवर ठीक आहे. प्रभावतीगुप्ता ही पाटलीपुत्राने बसवलेली बाहुली होती, तिला राज्यकर्त्यांत मोजत नाहीत. तिच्या ताम्रपटात वंशावळसुद्धा माहेरची आहे. फोटोतला किल्ला भोसल्यांच्या काळातला. आणि प्रवरपूर म्हणजे मनसर, हे कोणी ठरवलं?”

भाऊ, आधी रेसिप्यांचं बोलू. सावजी मसाल्यावर लिहिलं म्हणून वाकाटकांवर लिहायचा हक्क जातो, हा कुठला न्याय? माझे वडील रामटेक तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. नांगरटीनंतर नगरधनच्या शेतांत खापरं वर यायची, ती ते आम्हा भावंडांच्या हातात देऊन त्या गावाचं जुनं नाव सांगायचे. पुढे मी नोकरीभर नागपुरात इतिहासच शिकवला. स्वतःचं नाव न देता दुसऱ्याची लायकी काढणं मला कधी जमलं नाही, तुम्हाला जमतं.

आता ‘बाहुली’. प्रभावतीगुप्तेचा पती, वाकाटक राजा रुद्रसेन दुसरा गेला तेव्हा मुलं लहान होती आणि राज्य हिच्यावर आलं. ती पाटलीपुत्राच्या गुप्त सम्राटाची, चंद्रगुप्त दुसऱ्याची लेक, हे मी लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तो परिच्छेद वाचलात का? पुणे ताम्रपट म्हणून जो ओळखला जातो तो नंदिवर्धनाहून दिलेला आहे, तेराव्या वर्षी. त्यात ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची आई म्हणवते आणि दंगुण गाव आचार्य चनालस्वामींना दान देते. आज्ञा तिची, गाव वाकाटकांच्या मुलखातलं. तेरा वर्षं कारभार हाकणाऱ्या बाईला बाहुली म्हणायचं असेल, तर मुलगा अज्ञान असताना राज्य चालवणारी प्रत्येक राजमाता बाहुलीच ठरेल.

बरं, मुलगा मोठा झाल्यावर ती बाजूला सरली म्हणाल, तर तेही नाही. तिचा मुलगा प्रवरसेन दुसरा गादीवर असताना, त्याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, तिचा ऋद्धपूर ताम्रपट निघाला, तोही रामगिरिस्वामींच्या पायांशी, म्हणजे आपल्या रामटेकला. राजा मुलगा आणि दान देते आई. बसवलेल्या बाहुलीचं काम तोवर कधीच संपलेलं असतं. शिवाय 2015 ते 2018 या काळात नगरधनला डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने जे उत्खनन केलं, त्यात मातीची एक मुद्रा मिळाली. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब, वर शंख, खाली ब्राह्मीत हिचं नाव. वडिलांचं नाही, मुलाचं नाही. राजधानीतला कारभार कोणाच्या नावाने चालत होता, हे त्या मुद्रेला विचारा.

वंशावळ माहेरची आहे, हो. गोत्रही तिने माहेरचंच सांगितलं, धारण. ज्या बापाचा दरारा अख्ख्या उत्तरेत होता त्याचं नाव कोणती लेक खाली ठेवेल? यावर मला आणखी बोलायचं नाही.

नगरधनच्या किल्ल्याच्या फोटोखाली ‘भोसलेकालीन’ असं लिहिलेलं नव्हतं, हे खरं. आज लिहिते. लेखात मात्र मी त्याला वाकाटकांचा कुठेही म्हटलेलं नाही. प्रवरपूर, म्हणजे वाकाटकांची पुढची राजधानी, मनसर की पवनार यावर जाणत्यांत मतभेद आहेत. मला मनसर पटतं, तुम्ही पवनार माना.

आणि ज्यावर खरंच बोलायला हवं होतं, त्याला तुम्ही हातही लावला नाही. वाकाटकांनंतर याच नंदिवर्धनाहून नल राजा भवदत्तवर्म्याने ताम्रपट दिला. पुढे कलचुरी संवत 322 मध्ये, म्हणजे इसवी सन 573 च्या सुमारास, स्वामिराजानेही इथूनच दिला. यांच्यावर माझ्या लेखात दोनच ओळी होत्या. त्याची तक्रार केली असती, तर मी आनंदाने उत्तर दिलं असतं.