सातबाऱ्यावरची सत्तावीस नावं

गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या वाडीतला ३८ वर्षांचा एक माणूस भजनात पखवाज वाजवता वाजवता भिंतीला टेकला, तो उठलाच नाही. गाडी हायवेला लागायच्या आत सगळं आटपलं होतं. वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यानंतर आठ दिवस नुसता तापला होता. कोणी म्हणालं, करोनाची लस. कोणी म्हणालं, मुंबईत राहून बाहेरचं खाणं. एका काकांनी खोबऱ्याला दोष दिला, तर दुसऱ्या काकांनी खोबऱ्याची बाजू घेऊन पामतेलाला. राखणदाराचा नारळ चुकला असणार, कौल लावून बघा, असंही आलं. मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या स्टेशनावर उभी राहून हे सगळं वाचत होते. त्याचे वडीलही पन्नाशीच्या आत असेच गेले होते, हे ग्रुपवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. लिहिलं कोणीच नाही. मीही नाही.

लसीचं म्हणाल तर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, १८ ते ४५ वयातल्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ साली निष्कर्ष छापले. लसीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये मात्र एक होती घराण्यात आधी झालेला आकस्मिक मृत्यू. लसीची बातमी ग्रुपवर दहा वेळा फिरली. हे दुसरं वाक्य एकदाही फिरलं नाही.

मला हे कळलं तेही अपघातानेच. इथल्या हाउसआर्ट्सबद्दल, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरबद्दल, सगळ्या भारतीयांची एकच तक्रार असते: काहीही घेऊन जा, पॅरासिटामॉल घे म्हणून परत पाठवतात. मी थकवा येतो म्हणून गेले होते. त्या बाईंनी विचारलं, वडील कशाने गेले? हार्ट अटॅक, मी म्हटलं. कितव्या वर्षी? ४६. त्यांची टाइप करणारी बोटं थांबली. वडील कशाने गेले, हे आपल्याकडे बरेच जण विचारतात. 'कितव्या वर्षी' हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा विचारला गेला.

रक्तात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७.१ निघालं. इथलं माप वेगळं आहे, आपल्या हिशोबात २७५. मग त्यांनी मला मोजे काढायला लावले आणि टाचेच्या वरची जाड शीर दोन बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली चाचपली. तिथे वाटाण्याएवढी टणक गाठ होती. मी ती रोज बघत होते, बुटाने घट्टा पडलाय असं समजत होते. त्या क्षणी मला बाबांची टाच आठवली. वहाणेचा पट्टा जिथे घासतो तिथे दोरखंडासारखी जाड, आणि आई ओट्यावर बसून तिला कोकमाचं तेल चोळतेय.

आजाराचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, डॉक्टर त्याला एफएच म्हणतात. रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून नेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. आईबापांपैकी एकाकडून बिघडलेलं जनुक आलं की ते निम्मेच कामाचे राहतात. बंदरावर मासळी तेवढीच यावी आणि उतरवून न्यायला निम्मेच हमाल असावेत, तसं. माल धक्क्यावर साठणार, रक्तवाहिन्यांत आणि टाचेवरच्या त्या गाठीतही. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं ते हेच यंत्र उलगडल्याबद्दल. म्हणून खोबरं सोडून हा आजार जात नाही. ज्याच्या अंगात आहे तो माड चढणारा असो नाहीतर खुर्चीत बसणारा, साठा जन्मापासून होत राहतो. उपचार न केलेल्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. बायकांमध्ये हा धोका साठीपर्यंत तीस टक्क्यांच्या आसपास. माझी वेंगुर्ल्याची आत्या ५२व्या वर्षी गेली, तेव्हा तिला ॲसिडिटी होती असं सांगण्यात आलं होतं.

जगात साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हा आजार असतो. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेआठ लाख होती. तोच हिशोब लावला तर एका जिल्ह्यात तीन हजारांच्या आसपास माणसं. त्यातल्या किती जणांना माहीत असेल? जगभरातच बहुतेकांना माहीत नसतं. आपल्याकडे तिशीनंतर सरकारी तपासणी होते ती रक्तदाब, साखर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची. कोलेस्टेरॉल त्यात नाही. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शिबिरांबद्दल तर न बोललेलं बरं, तिथे बीपी बघतात आणि छत्री देतात.

इथे परदेशात बसून 'आमच्याकडे बघा' म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आहे, तरी एक गोष्ट सांगते. नेदरलँड्सने १९९४ साली एफएच शोधायला सुरुवात केली ती शिबिरं घेऊन नव्हे. एक रुग्ण सापडला की त्याला विचारून नातलगांची यादी करायची, आणि माणूस पाठवून घरी जाऊन रक्त घ्यायचं. आधी भाऊ-बहीण-मुलं, मग त्यांच्यातून पुढे. वीसेक वर्षांत अठ्ठावीस हजारांच्या वर माणसं सापडली. २०१४मध्ये सरकारी पैसा थांबला आणि नव्याने सापडणाऱ्यांचा आकडा खाली आला. म्हणजे इथेही स्वर्ग नाही. माझ्या वेळी घरी कोणी आलं नाही. नातेवाइकांना द्या म्हणून एक पत्र हातात ठेवलं.

डच माणसाला ते पत्र पाच-सात जणांना द्यावं लागतं. माझ्या आजोबांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत. त्या उताऱ्यावरून कोर्टात तीस वर्षं भांडण चाललंय. पण रक्ताचा माग काढायला त्याच्याहून चांगला कागद मला ठाऊक नाही. कोण कोणाचा, कोण मयत, वारस कोण, सगळं तलाठ्याने लिहून ठेवलंय. देवाला गाऱ्हाणं घालताना आपण भावकीतला एकही माणूस वगळत नाही, मग रक्त तपासताना यादी कुठून आणू म्हणून अडायचं कशाला?

फक्त एक गोम आहे. त्या सत्तावीसांत माझं नाव नाही. नेदरलँड्सने काम सुरू केलं त्याच १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारा कायदा केला, आणि आमच्या घरातल्या सगळ्या मुलींनी रीतसर हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. मीही इथून मुखत्यारपत्र पाठवून केली. आत्याने तर लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. सातबारा घेऊन निघालात तर आत्या आणि तिची मुलं सुटतात. हे जनुक हक्कसोड मानत नाही. यादीत लेकी हातानेच लिहाव्या लागतील.

ते पत्र मी दीड वर्ष ड्रॉवरमध्ये ठेवलं, हे कबूल केलं पाहिजे. चुलतभावाशी, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, जमिनीवरून बोलणं बंद होतं. शिवाय घरात दोन मुली लग्नाच्या. 'घराण्यात दोष' हा शब्द एकदा वाडीत फिरला की पुसता येत नाही. जनुकचाचणी महाग, असंही मी स्वतःला सांगत होते. पण तिची पहिल्या पायरीवर गरजच नसते. काहीशे रुपयांची लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीची, तपासणी आणि घराण्याची हकिकत, एवढ्यावर संशय पक्का होतो. मोठ्या माणसाचं एलडीएल १९०च्या वर असेल तर डॉक्टरला घराण्याविषयी विचारायला लावावं. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांपैकी ॲटोरवास्टॅटिनची गोळी जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळते, आणि मुलांनाही साधारण आठ-दहा वर्षांपासून डॉक्टरी देखरेखीखाली स्टॅटिन देतात.

पखवाजवाल्याच्या बातमीनंतर मी तिकीट काढलं. चतुर्थीला आमच्या मूळ घरी सगळी भावकी जमते. दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणहून लॅबचा मुलगा बोलावला. उपाशी राहायची सक्ती नव्हती, म्हणून मोदकांचं गाऱ्हाणं मिटलं. माटवीखालच्या बाकावर अकरा जणांनी हात पुढे केले. आत्याचा मुलगा मुद्दाम वेंगुर्ल्याहून आला. चौघांचं एलडीएल १९०च्या वर निघालं. त्यातली एक नऊ वर्षांची पुतणी, २१४. तिची आई रिपोर्ट हातात धरून एवढंच म्हणाली, "म्हणजे आता कळला ता बरा झाला ना गो?"

अण्णा खळ्यातच उभा होता. मी बाहेर गेले तर मान न वळवता म्हणाला, "माका काय झाला हा? रोज चार माड चढतंय." आरतीला मात्र माझ्या शेजारीच उभा राहिला. त्याच्या टाचेकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

मी परत आल्यावर तिसऱ्या रात्री फोन वाजला. अण्णाने फोटो पाठवला होता. ओट्याच्या पायरीवर टेकवलेला पाय, मागून काढलेला, टॉर्चच्या उजेडात. खाली दोनच शब्द होते: "हीच मा?"