हलव्याला काटा फुटतो तेव्हा

काल एका मैत्रिणीने फोनवर विचारलंच, "अगं, हलव्याचे दागिने बाजारात तयार मिळतात की. दरवर्षी कशाला बोटं भाजून घेतेस?" डिसेंबर संपत आला की कुणी ना कुणी हे विचारतंच, आणि मी "सवय गं" म्हणून विषय बदलते. आज जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी हलवा होताना पाहिला नसेल त्यांच्यासाठी. मूठभर तीळ, साखरेचा पातळ पाक, त्यात चमचाभर दूध घालून मळी काढून टाकलेली. पितळी परात, खाली जेमतेम धग. तिळांवर थोडासा पाक सोडायचा, बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचं, सुकला की पुन्हा थोडा पाक. कृती एवढीच. पण ही एवढीशी कृती माझ्याकडे तीन-चार सकाळी चालते. पाक जास्त पडला तर तीळ एकमेकांना धरून बसतात, आच वाढली तर साखरेचा भुगा होतो, आणि आभाळ आलं तर मुकाट्याने परात झाकून ठेवायची. डोंबिवलीत राहत होतो तेव्हा त्या दमट हवेत माझा हलवा कायम गुळगुळीत, साबुदाण्यासारखा. नाशिकला आलो आणि पहिल्याच थंडीत काटा आला. तिसरा दिवस, सकाळचे साडेसहा, स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या, आणि फिरवता फिरवता बोटांना बारीकसं काही टोचलं. काटा डोळ्यांना नंतर दिसतो, आधी बोटांना कळतो. मी नवऱ्याला हलवून उठवलं. तो "बरं" म्हणाला आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

माझ्या आनंदाला मिळालेली ही पहिली दाद.

पुढे भाचीची पहिली संक्रांत आली. हौसेने सगळा साज केला. हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ. मंगळसूत्राला खसखशीचा हलवा, कारण तो बारीक होतो. जावयाला हार आणि हलव्याने मढवलेला नारळ. (हल्ली बरेच जण पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवतात. मी दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा धरते. वेळ जातो, पण गोंद लावलेला हलवा पोरांना चाटता येत नाही, मग तो कसला हलवा?) काळ्या साडीवर भाची काय दिसत होती! वीस मिनिटांत फोटो उरकले. संध्याकाळी निघताना चपला शोधायला गेले तर कंबरपट्टा चपलांच्या कपाटावर पडलेला, आणि भिंतीवरून मुंग्यांची रांग त्याच्याकडे निघालेली.

मी रुसले. खोटं कशाला बोलू, दोन हिवाळे परात माळ्यावरून काढलीच नाही. गंमत म्हणजे भाचीला त्याचा पत्ताच नव्हता. आणि त्या दोन थंड्यांत मला चुकल्यासारखं वाटत राहिलं ते सकाळी साडेसहाला, ओट्यापाशी. कुणी कौतुक करावं म्हणून नव्हे, बोटांना काहीतरी टोचावं म्हणून.

हाताने केलेल्या भेटींचा एक जाच असतो, तो आपण करणारे कबूल करत नाही. आमच्या एका नात्यातल्या काकूंनी क्रोशाचं तोरण दिलंय. सुंदर आहे. पण त्या आल्या की आधी दाराकडे बघतात, मग माझ्याकडे. म्हणून त्या येणार असल्या की आम्ही स्टूल घेऊन धावतो. आता ही भेट दिली म्हणायची की आमच्याकडे गहाण ठेवली? "एवढं मी स्वतः केलंय" हे वाक्य मीही पूर्वी फार म्हणायचे. समोरच्याने त्यावर तोंडभर कौतुक करण्यापलीकडे काय करायचं, सांगा. स्वेटर निदान घालून दाखवता तरी येतो.

हलव्याचं बरं आहे. तो जपून ठेवता येत नाही. कुणी कितीही मायेने डब्यात घालून ठेवला तरी पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. त्यामुळे "माझा हार कुठंय गं?" असं मला पुढच्या वर्षी विचारताच येत नाही. माझ्यासारख्या रुसूबाईला हाच पदार्थ हवा होता!

गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधल्या बाळाचं बोरन्हाण होतं. मी मुकुट, हार आणि बासरी केली. मुकुट बाळाने डोक्यावर ठेवूच दिला नाही, हार टोचला म्हणून भोकाड पसरलं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून ओतले तेव्हा आणखी रडलं. मग बासरी हाताला लागली आणि सरळ तोंडात गेली. त्याची आई ओशाळून ओढून घ्यायला लागली, "अहो काकू, तुम्ही इतकी मेहनत करून..." मी म्हटलं, असू दे गं. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत नुसती काडी आणि ओला दोरा उरला होता, आणि ते अजून चोखतच होतं.

तीळ आणलेत. आज ढग आहेत, उद्या बघते.