‘रस्ता टॅक्स भरणाऱ्यांचा’, म्हणे

सोसायटीच्या, शाळेतल्या पालकांच्या आणि जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. तो नाशिकचाच आहे, कारण कॉलेज रोड आणि गंगापूर रोडचा त्यात नावानिशी उद्धार केलाय. सार असं : सायकलवाले रोड टॅक्स भरत नाहीत, ट्रॅफिक अडवतात, कडेने जायचं सोडून मध्ये चालवतात, सिग्नल पाळत नाहीत, हेल्मेट घालत नाहीत, हॉर्न दिला तरी हलत नाहीत आणि धक्का लागला की दोष मात्र गाडीवाल्याचा. शेवटी सल्ला : ट्रॅकवर चालवा, आणि एवढीच भीती वाटत असेल तर सरळ गाडी घ्या. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘जनहितार्थ’.

मी इंदिरानगरहून सातपूरला कामावर सायकलने जातो. घरी गाडीही आहे; आईला दवाखान्यात न्यायचं असलं की तीच काढतो. म्हणजे दोन्ही बाजूंचा वैताग माझ्या ओळखीचा आहे. मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे, ती पुढे येईलच.

आधी टॅक्स, कारण लोकांना सगळ्यात जास्त पटतं ते तेच. गाडी नोंदवताना आरटीओत आपण जो एकरकमी कर भरतो तो मोटार वाहनावरचा कर आहे आणि तो राज्याच्या तिजोरीत जातो. रस्त्यावर यायचं ते तिकीट नव्हे. कॉलनीतला रस्ता करते महापालिका, आणि तिच्याकडे पैसा येतो तो घरपट्टीतून, विकास शुल्कातून, जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर राज्याकडून मिळणाऱ्या जीएसटीच्या भरपाईतून. यातलं सायकलवाला काय भरत नाही? घर भाड्याचं असलं तरी घरमालक घरपट्टी भाड्यात धरतोच. सायकल विकत घेताना जीएसटीही भरावा लागतो. उलट इलेक्ट्रिक गाड्यांना राज्याने मोटार वाहन करात माफी दिली आहे. त्या गाडीच्या मागे जाऊन ‘टॅक्स भरत नाहीस, कडेला हो’ असं कोणी ओरडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

हिशेबच करायचा तर रस्ता खराब कोण करतो, तोही करू. रस्ते बांधणाऱ्यांचा एक ढोबळ नियम आहे : अ‍ॅक्सलवरचा, म्हणजे चाकांच्या आसावरचा, भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दुप्पट नाही, सोळापट होते. म्हणजे झीज भाराच्या चौथ्या घाताने वाढते. माणसासकट सायकलच्या एका चाकावर ४५ किलो धरा आणि गाडीच्या एका अ‍ॅक्सलवर साडेसहाशे. उत्तर चाळीस हजार पटींच्या पुढे जातं. (नाशिकचे रस्ते खरं तर आधी पाऊस खातो आणि मग ठेकेदार, पण तो विषय निराळा.)

आणि कायद्याला सायकल जिथे नको असते तिथे कायदा तसं स्पष्ट सांगतो. समृद्धी महामार्गावर सायकल, दुचाकी, रिक्षा, कोणालाच परवानगी नाही. कॉलेज रोड म्हणजे समृद्धी नव्हे, कितीही जणांना तो तसा चालवावासा वाटला तरी.

‘ट्रॅफिक अडवतात’ या आरोपाला गणिताने उत्तर देता येतं. समजा पुढे ताशी १५ च्या वेगाने सायकल चाललीय आणि तुम्हाला शंभर मीटर तिच्या मागून जावं लागलं. तुम्हाला लागले २४ सेकंद. तेच अंतर ताशी ४० ने गेला असता तर ९ सेकंद. नुकसान १५ सेकंदांचं. पुढच्या सिग्नलला त्याहून जास्त वेळ तुम्ही उभेच राहणार आहात, आणि बहुतेक वेळा तोच सायकलवाला तिथे तुमच्या शेजारी येऊन टेकतो. ‘बाजूला हो’ म्हणून जीव खाऊन पुढे गेलेली गाडी जलतरण तलावाच्या सिग्नलला लाल दिव्यासमोर उभी असलेली बघण्यात जी मजा आहे, ती मी नाकारत नाही.

कॉलेज रोडवर संध्याकाळी खरोखर कोण अडवतं, ते एकदा उभं राहून बघावं. दुहेरी लावलेल्या गाड्या, ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणून इंडिकेटर चालू ठेवून खरेदीला गेलेले लोक, पॅसेंजर दिसला की जागच्या जागी थांबणारी रिक्षा. त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही.

आता ‘कडेने का जात नाहीत’. हे गाडीत बसून खरंच कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गाडीतून रस्त्याची कड मोकळी दिसते. सायकलवरून तिथे खडी दिसते, पावसाने वाहून आणलेली माती दिसते, रस्त्यापेक्षा चार बोटं खाली बसलेलं चेंबरचं झाकण दिसतं. सिंहस्थाची कामं निघाल्यापासून कित्येक ठिकाणी खोदून नुसता बुजवलेला पट्टा आहे, तो कडेलाच. सायकलचं टायर दोन बोटांचं. त्या पट्ट्यात ते रुतलं की माणूस डावीकडे पडत नाही, बहुधा उजवीकडे पडतो, म्हणजे तुमच्या बंपरपुढे.

आणि जिथे कड चांगली आहे तिथे गाड्या लावलेल्या. उभ्या गाडीचं दार उघडलं की मीटरभर तरी जागा खातं. म्हणून जाणता सायकलवाला त्या रांगेपासून मीटरभर लांब चालवतो, आणि मागच्याला वाटतं हा मुद्दाम मध्ये आलाय. गेल्या पावसाळ्यात कॉलेज रोडला सकाळी माझ्या पुढे एक पेपर टाकणारा पोरगा होता, हँडलला दोन्ही बाजूंनी गठ्ठे. उभ्या एसयूव्हीचं उजवीकडचं दार फटकन उघडलं. पोराने हँडल वळवलं, मागून येणाऱ्या टेम्पोने ब्रेक मारला म्हणून निभावलं. गठ्ठा सुटून पुरवण्या ओल्या रस्त्यावर पसरल्या. गाडीतून उतरणारे गृहस्थ मोबाइल कानाला तसाच ठेवून म्हणाले, ‘अरे, बघून चालव ना जरा!’ पोरगा काही बोलला नाही. पुरवण्या गोळा करताना एवढंच म्हणाला, ‘काका, ह्या भिजल्या तर पैसे माझे कापतात.’

यावर उपाय फुकट आहे. ड्रायव्हरने आपलं दार डाव्या हाताने उघडायचं. डावा हात उजव्या दाराकडे नेला की अंग आपोआप वळतं, मान मागे जाते आणि येणारा माणूस दिसतो. मागच्या सीटवर डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने उघडायचं. नेदरलँड्समध्ये लोकांना हीच सवय लावतात. आपल्याकडे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठाचा आकडा काढायला शिकवतात, दार उघडायला नाही.

सिग्नल. इथे मेसेज खरं बोलतो. सायकलवाले सिग्नल तोडतात, राँग साइडने येतात, आणि अंधारात बिनदिव्याची सायकल घेऊन निघतात, ते तर मला मूर्खपणाचं वाटतं. पन्नास रुपयांचा रिफ्लेक्टरसुद्धा नसतो. याचं समर्थन मी करणार नाही. फक्त हा सायकलवाल्यांचाच खास दुर्गुण असल्याचं जे चित्र मेसेज रंगवतो ते मुंबई नाक्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तर टिकत नाही. तिथे पिवळा दिवा म्हणजे जोरात काढायचा इशारा असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. सायकलवाल्याने सिग्नल तोडला तर मरणाची शक्यता त्याची स्वतःची. गाडीवाल्याने तोडला तर दुसऱ्याची. दोन्ही चूकच, पण एकाच मापाने मोजायच्या नाहीत. ६५-७० किलोचा माणूस, १५ किलोची सायकल, वेग ताशी १५. समोर बाराशे किलोची गाडी, वेग ताशी ५०. धडकेच्या वेळी गाडीत असलेली ऊर्जा सायकलच्या दीडशे पट भरते. शाळेतलंच सूत्र आहे, कोणीही करून बघावं.

हेल्मेटचं म्हणाल तर कायद्याची सक्ती मोटरसायकलला आहे, सायकलला नाही. मी स्वतः घालतो. पण सायकलचं हेल्मेट सायकलवरून पडण्यासाठी बनवलेलं असतं, ट्रकखाली येण्यासाठी नाही. ‘हेल्मेट नव्हतं’ हे वाक्य धडक दिलेल्याच्या तोंडी शोभत नाही. आणि ज्या शहरात १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम काढावी लागली, आणि लोक पंपावर एकमेकांचं हेल्मेट मागून घेत होते, त्या शहराने सायकलवाल्याला हेल्मेटवर प्रवचन देणं जरा जास्तच होतं.

‘हॉर्न दिला तरी हलत नाहीत.’ हलायचं कुठे, ते वर सांगितलं. शिवाय हॉर्न म्हणजे ‘मी येतोय’ एवढी सूचना. आपल्याकडे तो ‘मी आलोच, आता काय व्हायचं ते तुझं’ अशा अर्थाने वाजतो. अगदी पाठीशी येऊन दाबलेल्या प्रेशर हॉर्नने माणूस दचकतो आणि दचकलेला सायकलवाला सरळ जात नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४ एफ हे कलम आलं : गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवला तर पहिल्यांदा हजार रुपये दंड, पुढच्या वेळी दोन हजार. हे कलम नाशिकमध्ये मनापासून लावलं तर महापालिकेला सिंहस्थाच्या निधीसाठी कोणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. (दंड राज्याकडे जातो, माहीत आहे. बोलून घेतलं.)

‘दोष गाडीवाल्याचाच का?’ नेहमी नसतो. पण २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि केंद्राच्या अहवालानुसार त्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त मृत्यूंमागे अतिवेग होता. ताशी १५ च्या सायकलवर अतिवेगाचा गुन्हा कसा लावणार? ताशी ५० ने जाणारी गाडी, ड्रायव्हर सावध असला तरी, सुमारे २८ मीटर पुढे जाऊन थांबते. ताशी ३० ला तेच अंतर १३-१४ मीटर. हातात मोबाइल असेल तर त्या २८ मध्ये आणखी १५-२० मीटर सहज घाला. गाडी चालवताना हातात मोबाइल धरणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं आणि उलट दिशेने घुसणं, तिन्ही कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणं ठरतात.

सगळ्यात जास्त वेळा घडणारा प्रकार तर कोणाला अपघात वाटतच नाही, कारण तो थोडक्यात टळतो. सिटी सेंटर मॉलच्या सिग्नलकडे जाताना मागून गाडी येते, जोर करून तुम्हाला ओलांडते आणि ओलांडल्या ओलांडल्या तुमच्या पुढून डावीकडे वळते. इंडिकेटर लागतो तो वळण अर्धं झाल्यावर. ड्रायव्हरच्या लेखी सायकल मागे पडली, विषय संपला. प्रत्यक्षात ती त्याच्या मागच्या दाराला लागून असते. तीन सेकंद थांबून सायकलच्या मागून वळलं असतं तरी तो त्याच दुकानात, त्याच वेळेला पोचला असता.

सायकल ट्रॅक? अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रोडला आहे. त्यावर जाऊन बघा, दुचाकी लावायला जागा छान झालीय. बरं, तो मोकळा केला तरी अंबडच्या कंपनीत जाणाऱ्याने अशोकस्तंभाला जाऊन काय करायचं?

हीच मेसेजची खरी गोची आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर सायकलवाला म्हणजे रविवारी पहाटे सोमेश्वरच्या बाजूला घट्ट कपड्यांत मिसळ खायला निघालेला हौशी माणूस. त्याचं आपल्याला कौतुकही आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी जवळपास ४,८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, ते आपण अजून पाहुण्यांना सांगतो. पण सकाळी साडेसहाला पपया नर्सरीपासून कारखान्यांकडे आत वळणाऱ्या सायकली बघा. कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी, घंटी नाही, मडगार्ड तारेने बांधलेलं. पहिली पाळी सातला लागते. उशीर झाला तर पैसे कापतात. हा माणूस फिटनेससाठी निघालेला नाही आणि त्याच्या मोबाइलवर तुमचा ‘जनहितार्थ’ आलेला नाही.

राहिला शेवटचा सल्ला : गाडी घ्या. समजा ऐकलं सगळ्यांनी. सातपूर-अंबडच्या पहिल्या पाळीचा प्रत्येक सायकलवाला कर्ज काढून उद्या गाडीत बसला, प्रत्येक गाडीत एक माणूस, प्रत्येकाने रोड टॅक्स भरलेला, प्रत्येकाला पुढे जायचा तितकाच हक्क. मग मायको सर्कलला किती सिग्नल थांबावं लागतं, ते मेसेज पाठवणाऱ्यांनीच मोजून ग्रुपवर टाकावं.