विवाहबाह्य संबंधांची कादंबरी आणि पाण्याचा दिवस

विवाहबाह्य संबंधांवर हल्लीच्या कादंबऱ्या वाचताना एकच अडचण येते. प्रेम पटतं, घर पटत नाही.

कथा सोलापुरात घडवायची असेल तर आधी नळाला पाणी कधी येतं ते ठरवा. इथे काही दिवसांआड पाणी सुटतं. त्या दिवशी बाईचा पाय घराबाहेर निघत नाही. मोटर लावा, टाकी भरा, पिंप, हंडे, कळशा भरा, पिंपातलं शिळं पाणी धुण्याला काढा. पाण्याची वेळ दोन तास पुढे सरकली की ठरलेली भेट बुडाली. आणि अशा दिवशी ती गेलीच, तर सासूबाईंना फोन तपासावा लागत नाही, कोरडं पिंप सगळं सांगतं. हा एक प्रसंग जीव ओतून लिहा, अपराधीपणावरची दहा पानं आपोआप गळतील.

तेच पैशाचं. चहाचे चाळीस रुपये यूपीआयने दिले की दुकानाचं नाव आणि वेळ नोंदली जाते. खातं दोघांचं असेल तर ती नोंद नवऱ्यालाही दिसते. आज प्रकरण चिठ्ठीतून फुटत नाही, इथून फुटतं.

भेटायचं कुठे? सात रस्ता चौकात कुणीतरी ओळखीचं भेटतंच, तेलुगूभाषकांच्या पूर्व भागात बातमी मराठी आणि तेलुगू दोन्हींतून घरी पोचते. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून चारेक तासांत पुणं गाठता येतं, रात्री दहाच्या सुमारास परत. पण दिवसभराचं कारण एकदा दवाखाना, एकदा लग्नाची खरेदी. तिसऱ्यांदा काय सांगणार?

कायद्यात तर चुका फारच. चिडलेला नवरा अजूनही 'व्यभिचाराच्या केसमध्ये आत टाकतो' म्हणतो. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केलं, तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते नाही. त्या कलमात नवऱ्याची संमती असली की गुन्हाच होत नसे, म्हणजे बाई त्याच्या मालकीची! घटस्फोटाचं कारण म्हणून मात्र व्यभिचार हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये आजही आहे. संमतीने घटस्फोट घ्यायचा तर आधी वर्षभर वेगळं राहणं, अर्जानंतर आणखी सहा महिने (हे सहा महिने 2017 च्या निकालापासून कोर्ट माफ करू शकतं). लेखक हा सगळा काळ एका ओळीत उडवतात. मुलाची फी कोण भरतो, दिवाळीला मूल कुणाकडे, प्रियकराच्या बायकोला कोण सांगतं, खरी कादंबरी तिथे आहे. त्या बायकोला दोन रडके प्रसंग देऊन वाटेला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे.

एक प्रसंग मात्र कुणीतरी लिहावाच. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं. पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी, 'सत्यम सत्यम' कानावर येतं आणि अक्षता टाकायला हजारो हात एकदम उठतात. त्या गर्दीत नवरा, बायको आणि तिचा प्रियकर, तिघंही उभे आहेत. तिच्या मुठीत अक्षता आहेत.