जुनी बोट एका दिवसात नवी होत नाही, तो मेसेज पुढे ढकलू नका

नाशिकच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, "जुनी फायबरची बोट घरीच एका दिवसात नवी करा". तड्यावर वरून मॅट-रेझिन (काचेच्या धाग्यांची चटई आणि ती चिकटवणारा घट्ट द्रव) चढवा, लवकर सुकायला हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) वाढवा, आत थर्माकोल भरा म्हणजे बुडणार नाही, मागे मोठं इंजिन टाका. गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांवर जाळी टाकणारी पोरं हे वाचून उन्हाळ्यात कामाला लागतात. घरी काम करायला माझी ना नाही, करावंच, पण असं नाही.

तड्याचं आधी. जुनं रेझिन पूर्ण कडक झालेलं असतं, नवं त्यात मुरत नाही, खरवडलेल्या जागेला फक्त धरून बसतं. म्हणून रंग, जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) आणि सुटलेलं फायबर ग्राइंडरने काढायचं आणि तड्याच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या साधारण १२ पट उतार द्यायचा, म्हणजे ४ मिमी जाडीला प्रत्येक बाजूला जवळपास ५ सेंमी, मग ॲसिटोनने पुसायचं. आत ओल राहिली तर थर फुगून सुटतो, त्यामुळे बोट आधी चांगली वाळू द्या, एका दिवसाचं गणित इथेच कोलमडतं. पाण्याखालच्या भागाला नेहमीच्या पॉलिएस्टर रेझिनऐवजी इपॉक्सी रेझिन वापरा, महाग आहे पण जुन्या फायबरला जास्त घट्ट धरतं. आणि ग्राइंडिंग मास्क लावून, धरणाच्या काठापासून लांब करा, गंगापूरचं पाणी नाशिक शहर पितं.

हार्डनरवरून मात्र खरंच राग येतो. पॉलिएस्टर रेझिनला प्रमाण १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात १ टक्क्याच्या आसपासच राहायचं, तेही सकाळी सकाळी. जास्त घातला की डबा तापतो, धूर येतो, थराला तडे जातात. त्याहून वाईट म्हणजे कोबाल्ट (रेझिन कडक होण्याचा वेग वाढवणारा द्रव) वेगळ्या बाटलीत मिळतो आणि तो हार्डनरमध्ये थेट मिसळला तर भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, मगच हार्डनर. चष्मा लावा, हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. मेसेजमध्ये यातला एक शब्द नाही!

थर्माकोल तर पॉलिएस्टर रेझिन लागलं की विरघळतो, पेट्रोलनेही तेच. त्यापेक्षा झाकण घट्ट असलेले रिकामे कॅन बाकाखाली पक्के बांधा, २० लिटरचा एक कॅन जवळपास २० किलोचा भार पाण्यावर धरतो.

राहिलं इंजिन. गोल तळाची १६ फुटी बोट ताशी १० किमीच्या आसपास अडते, पुढे ताकद वाढवली की मागचा भाग खाली बसतो आणि पेट्रोल जळतं, बाकी काही नाही. सपाट तळाची पळेल, पण तिथेही इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं तिच्यात बऱ्याचदा प्लाय असतो, वरून फायबर धडधाकट दिसतं आणि आत प्लाय कुजलेला. हातोडीने ठोकून बघा, आवाज बद्द आला तर आतल्या बाजूने बारीक भोक पाडा, भुसा काळपट ओला निघाला तर आधी प्लाय बदला, तोवर आहे ते छोटं इंजिनसुद्धा त्यावर टांगू नका.